सध्याचा वापर

भूखंडावर सभेत तीन तास गेले.
कुणाला मॉल हवा, कुणाला गारमेंट पार्क,
कुणी म्हणालं, आधी पार्किंग बघा.
मी टेप घेऊन निघालो.

पूर्व भाग. सोलापूरचं ऊन, अकराचं.
जागेवर बांबू, बांबूंवर ओलं सूत,
लाल, मग कच्चा हिरवा.
टेप खालून सरकवताना
नकाशावर थेंब पडला,
नेमका प्रस्तावित प्रवेशद्वारावर.

नरसुबाई येमूल हसल्या,
"पुसू नका, पसरंल."
मग हळूच, "भाडं किती लावणार?
आम्हालाबी सांगा की.
चाळीस वर्षं फुकट वाळवतोय,
बरं दिसत नाही."

रकान्यात 'रिकामी' मी सकाळीच लिहिलेलं,
ऑफिसात, चहा पिता पिता.
खोडलं.
पण छापील पर्यायांत
वाळवण नव्हतं.