पुस्तकं विचारलीस म्हणून

सुलक्षा,
यंत्राशी बोलायची नवी भाषा घडवतेयस,
आधी काय वाचू, विचारतेस.
हर्णैच्या हवेत पुस्तकं फुगतात, हे पहिलं सांगतो.
कपाटात वेखंड ठेवूनही कसर शिरली.
जी उरली, त्यांचीच ही शिफारस.

ते जाडजूड, व्याकरण सोलण्याचं,
ज्याच्या नावानं सगळे दबकतात,
ते घे, पण उशाला.
पहिली शंभर पानं पुरेत.
वाक्याचं डोकं काढणं, पाठीतला दोरा ओढणं,
इकडे येशील तेव्हा जेट्टीवर
कोळंबी साफ करणाऱ्या बायकांकडे तासभर बघ,
निम्मं तिथंच येतं.
(उरलेलं निम्मं मात्र पुस्तकातच आहे. आळस नको.)

मग ते बारीक, निळ्या पुठ्ठ्याचं.
प्रकरणागणिक एकेक तुकडा जोडत जातं
आणि शेवटच्या पानावर भाषा चालू लागते.
ते वाचू नकोस. टंक.
प्रत्येक ओळ आपल्या हातानं, चुकत चुकत.
त्यातलं रचणीचं प्रकरण तुला सोपं जाईल:
टोपलीवर टोपली, वरची आधी उतरते.
आपण तसेही
बर्फ, मीठ, सुरमई सगळं आधी मांडतो
आणि 'भर' शेवटी म्हणतो.

प्रकारांवरचं एक आहे. सुंदर आहे.
मला सातव्या प्रकरणापर्यंत कळलं.
पुढचं तुला कळलं तर फोन कर,
रात्री केलास तरी चालेल.

स्मृतीतला कचरा कधी उचलावा, यावरचं
मी कुणाला तरी दिलं होतं.
आलं नाही.

आणि शब्द. नावं ठेवायला बसशील तेव्हा
धाको मेस्त्रीच्या अर्ध्या झालेल्या होडीखाली जाऊन बस.
नाळ, वांक, पठाण, सुकाणू.
एका फळीला दोन नावं नाहीत,
दोन फळ्यांत एक नाव नाही.
मी विचारलं, ह्या भोकाला काय म्हणतात?
म्हणाला, भोक. उद्या बुजवायचंय, नाव कशाला?
घरी येऊन मी माझ्या भाषेतले
अकरा शब्द खोडले.

माझी भाषा तू पाहिली नाहीस.
सात वर्षं केली. वापरली एकानं:
बर्फाच्या कारखान्यातले हिशेबनीस, अब्दुल्ला होडेकर,
लाद्या मोजायला.
अडलं की ती जे बोलायची
ते वहीत उतरवून ठेवायचे, तारखेसकट,
आणि खाली आपला शेरा.

'ओळ ४१ : अनपेक्षित कंस.'
मलाही अनपेक्षित.

'ओळ ९ : या नावाची ओळख नाही.'
रोज भेटतो, तरी?

'ओळ १७ : चूक.'
कोणाची, ते लिहावे.

अशी एकशे बारा पानं.
मधे एका पानावर फक्त एवढंच:
आज काही बोलली नाही. हिशेब जुळला.
शेजारी मासळीच्या पाण्याचा डाग.

होडेकर गेल्या थंडीत गेले.
मुलीनं वही आणून दिली, म्हणाली,
ही तुमचीच भाषा ना? ठेवा.
मी एका बैठकीत वाचली. मग सगळे निरोप
नव्यानं लिहायला घेतले, वापरणारं कुणी नसताना.
ओळ सतराशी अजून अडलोय.

तर ही वही आधी. बाकीची यादी मागाहून.
एकच प्रत आहे, शाई पुसट, झेरॉक्स नीट येत नाही.
एसटीच्या पार्सलानं चिपळूणला पाठवतोय,
आगारात जाऊन स्वतः घे, शिपायाला धाडू नकोस.
वाचून झाली की प्लास्टिकमध्ये परत घाल.
समासात काही लिहिलंस तर पेन्सिलीनं.