क्रू

हल, फेब्रुवारी. छापखान्यामागची खोली,
गॅसची शेगडी, ओल्या शाईचा वास.
मी मजकूर मोठ्यानं वाचायचो, स्वल्पविरामासकट,
मिस्टर स्टॅथर्स प्रुफावर पेन्सिल फिरवायचे.
नियम भिंतीलाच डकवलेला:
समिती आहे. कौन्सिल आहे. पलटण आहे.
डोकी कितीही असोत, क्रियापद एक.
"तीस टन कॉड म्हणजे एकच ढीग, पोरा.
तीन आठवडे म्हणजे एकच वाट बघणं.
पण 'अ नंबर ऑफ' आलं की माणसं सुटी होतात,
आणि 'द नंबर' आला
की पुन्हा नुसता आकडा."
मला हसू यायचं.
एवढ्याशा शब्दानं माणसं
जमतात काय, पांगतात काय.

त्या रात्री तार आली आइसलँडच्या बाजूनं:
'हंबर लार्क' उत्तर देत नाही.
दोरखंडांवर बर्फ.
मी वाचलं, क्रू बेपत्ता आहे, पूर्णविराम.
त्यांनी खूण केली. बरोबर.

सकाळी काउंटरवर आयव्ही ब्लेंकिन,
हेसल रोडवरून चालत, पायांत घरातल्या सपाता,
आमचाच अंक काखेत दाबलेला.
"हे 'इज' कुणी लिहिलं?
वीस जण आहेत ते. माझा लेन डावखुरा.
स्वयंपाक्याच्या हाताखालचं पोर पंधराचं,
आईला न सांगता गेलेलं.
एकाला कांदा चालत नाही, त्याचं वेगळं शिजतं.
कॉड आहेत का ते, एका ढिगातले?"

मिस्टर स्टॅथर्स बाहेर आले.
भिंतीवरच्या कागदाचं नाव काढलं नाही त्यांनी.
टोपी शोधत राहिले, जी डोक्यावरच होती.

दुपारच्या आवृत्तीत 'आर' गेलं.
संपादकांनी त्याला तांबडं वर्तुळ केलं.
दोन शिलिंग कापले म्हणतात; मी पाहिलं नाही.

नऊ दिवसांनी दुसरी तार.
मी वाचलं, 'नन ऑफ देम', आणि अडलो.
पुढचं क्रियापद पुसट उमटलेलं.
'नन' एक की अनेक,
यावर ते चहा गार होईपर्यंत भांडायचे
खिळे जुळवणाऱ्यांशी, दर शुक्रवारी.
आज पेन्सिल हवेतच.
"खाली काय आहे?" एवढंच विचारलं.

खाली यादी होती.
यादीला क्रियापद नसतं.
मी वाचायला लागलो:
ॲटकिन, डी., स्वल्पविराम,
ब्लेंकिन, एल., स्वल्पविराम,