बारा सेकंद

बाहेर सेहेचाळीस. आत पंखा बंद,
कारण ज्योत हलता कामा नये.
एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडला टेकलेली
आमची प्रयोगशाळा, तिला खिडकी एकच.

चिमट्यात पट्टी उभी धरते,
वीतभर लांब, चार बोटं रुंद, पॉलिएस्टर.
तिच्याखाली कापसाचा बोळा.
पट्टी वितळली, पेटता थेंब पडला,
बोळ्यानं पेट घेतला, की नमुना नापास.
कापूस इथलाच. धरणगावच्या जिनिंगमधून
बोंडेभाऊ पिशवीभर आणून देतात, पैसे घेत नाहीत.
त्यांना वाटतं, मी वाती वळते.

बारा सेकंद ज्योत द्यायची.
मग काढून घ्यायची, आणि मोजायचं
पट्टी आपल्या मनानं किती वेळ जळते.

एकोणचाळीस: टपटप. नापास.
चाळीस: थेंब एकच, पण नेमका.

कौतिकामावशीच्या अंगावर टेरिलिन होतं
आमोद्याच्या मळ्यात, भरिताच्या दिवशी.
पऱ्हाटीचा जाळ, वांगी फुटत होती,
कोणीतरी हसत होतं, आणि पदर आत गेला.
तो आधी पाणी झाला, मग कातडी.
मनगटावर अजून त्या साडीची किनार आहे.
बांगडी तिथं अडते.

एकेचाळीस.
हिच्या साखळीतच फॉस्फरस ओवलेला,
वरून फासलेला नाही, धुऊन जायचा नाही.
ज्योत लागली. पट्टी काळवंडली, आक्रसली,
स्वतःवर कोळशाची साय धरली,
आणि ज्योत काढताच
एक सेकंद. सव्वा म्हणा.
खाली कापूस पांढरा.
मी स्टॉपवॉच दोनदा पाहिलं.

रात्री फोनवर सांगितलं.
"जयत नही म्हन्जे?"
जळतं गं. पण थांबतं.
"काय टाकतात त्याच्यात?"
काडेपेटीच्या कडेला तांबडं असतं ना,
त्याच्याच जातीचं.
बराच वेळ नुसता कूलरचा आवाज.
मग म्हणाली,
"म्हन्जे घरातलंच मानूस."

साडी कधी निघेल, हेही विचारलं तिनं.
ऑर्डर पडद्यांची आहे, नाट्यगृहाच्या,
हे मी सांगितलं नाही.

सकाळी बेचाळीस.
बोळा दर वेळी नवा घ्यायचा असतो.
मी कालचाच ठेवला.