तुटलेला द

यंत्राचा द तुटला जानेवारीत,
तार्तूमध्ये, उणे चोवीस अंशांत,
प्राध्यापक काल्यो रिस्टमेट्स यांचं तिसरं प्रकरण चालू असताना.
सुटा भाग लेनिनग्राडहून येतो, असं कळलं.
आमच्या भाषेला भविष्यकाळ नाही.
'येतो' म्हणजे आज, की वसंतात, की कधीच नाही,
ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं.
तो भाग अजून येतोच आहे.

एक द गेला, तर काय काय गेलं बघा.
आमची अनेकवचनं द वर संपतात.
कांदे टंकायला गेले, एक कांदा उरला.
खिडक्यांची खिडकी झाली.
'माणसं' लिहिलं की शेवटी कोरी जागा
आणि तिच्या कडेला एकटाच माणूस.
सत्य तर मधोमध फुटलं,
पुढचा दात पडलेल्या पोरासारखं.

रोज रात्री शेगडीत बर्चचं लाकूड सारून
मी निळ्या शाईनं एकेक द भरत बसायचे.
चारशे बारा पानं. शिवाय कार्बनच्या तीन प्रती.
सरांच्या पंधरा दिवस लक्षातच आलं नाही.
मग एक पान उजेडाला धरून म्हणाले,
"हिल्वे, यंत्र दुरुस्त करू नकोस."

त्यांचं म्हणणं असं होतं
(मी ते टंकलं आहे, सगळं कळलं आहे असं नाही):
शब्द म्हणजे बरणीवरची चिठ्ठी नव्हे.
चिठ्ठी गळाली तर बरणी उघडून बघता येतं,
शब्द गळाला तर झाकणच सापडत नाही.
वाक्य खरं ठरायला जगाला लागू पडावं लागतं,
किल्ली कुलपाला पडते तसं.
कविता किल्ली नव्हे.
दार नसलेल्या भिंतीवर कुणी टकटक करतं
आणि आतून विचारणा होते, "कोण?"

मला पटलं नाही.
माझा नवरा युहान भिंतीच बांधायचा.
भिंतीतून आवाज आला तर चुना कच्चा, म्हणायचा.
मी तसं सरांना सांगितलं.
त्यांनी ते तळटीप म्हणून घातलं, युहानच्या नावासकट.
समितीनं पुस्तकातलं एवढंच कापलं.

मार्चमध्ये नदीचा बर्फ तडकू लागला.
आमच्या नदीचं नावच आई,
रात्रभर तिचे सांधे वाजत होते.
दोन वाजले होते, पान तीनशे सहा.
वाक्य होतं: कवी सत्य शोधत नाही, तो सत्य सोसतो.
पहिला द भरला.
दुसऱ्या जागी झोपेत ब पडला.
आमच्यात तेवढ्यानं सत्याचं दुखणं होतं.

कवी सत्य शोधत नाही, तो दुखणं सोसतो.

सर वाचून हसले.
हसता हसता खोकले, खोकतच राहिले,
मग रुमाल पाहिला,
नीट चौघडी घालून खिशात ठेवला.
"माफ करा, चूक झाली," मी म्हणाले.
"कुणाची?" त्यांनी विचारलं.
आणि पान बाजूला ठेवलं, झालेल्या पानांत.

ते गेल्यावर सात वर्षांनी टालिनमध्ये पुस्तक निघालं.
शिशाचे ठसे, जाड कागद,
एकूणएक द आपापल्या जागी, शाळेच्या रांगेसारखे.
ते वाक्यही सापडलं. कुणीतरी सुधारलं होतं.
सत्य शोधत नाही, सत्य सोसतो.
मी निळ्या पेनाचं टोपण काढलं
आणि बराच वेळ तशीच बसले.
भरायला कुठे जागाच नव्हती.

बाजाराची यादी मी अजून त्याच यंत्रावर करते.
कांदा. मासा. मेणबत्ती.
भाजीवाली लाइने चष्मा वर करून विचारते,
"एकच?"
मी म्हणते, तू मला ओळखतेस ना,
मग घाल की अंदाजानं.