उसना दशक

साखळीहून सहा चाळीसची कदंब,
वाळपईला उतरून छोटी बस,
मग काजूच्या बागेतून वीस मिनिटं पायी.
त्या वीस मिनिटांचे रिक्षावाला साठ मागतो.
मी पहिल्याच दिवशी चप्पल बदलली.

शाळा म्हणजे एक खोली, एक व्हरांडा, अकरा मुलं
आणि फळ्याच्या कोपऱ्यात आधीच्या बाईंच्या अक्षरातला सुविचार,
कुणी न पुसलेला. मीही पुसला नाही.
कपाटाची किल्ली कुणाकडे, विचारलं,
तर मुलं म्हणाली, हेडबाईंकडे.
हेडबाई म्हणजे आता मीच,
किल्ली मात्र दाराच्या चौकटीवर, पालीच्या शेजारी.

जुन्या शाळेत आम्ही चौघी होतो.
मधल्या सुट्टीत डबे फिरायचे,
कुणाच्या घरी कोंबडी झाली ते कळायचं.
इथं मी एकटी जेवते
आणि झाकण जरा तिरकं धरते,
कालची कुळथाची पिठी दिसू नये म्हणून.
कुणाला? समोर तर नुसता डोंगर.

घरी अंगणात टिप्पर उभा आहे,
खाण बंद झाली त्या वर्षापासून.
हप्ते काही बंद झाले नाहीत.
रोहिदासनं हौद्यात माती भरून दुधी लावला.
यंदा नऊ धरले. दोन शेजारी दिले,
सात आम्ही संपवले,
भाजी, रायतं, सालांची चटणी.
आठव्या दिवशी धाकटी म्हणाली,
आई, आपण ट्रक खातोय का?
खूप दिवसांनी हसलो,
म्हणून जरा जास्तच वेळ हसलो.

बांगडे शंभराला सहा असले की घेते,
पाच असले तर भाव ऐकून पुढे सरकते.
रेजिना मला ओळखते.
पाचांवर एक लहानसा टाकते, वर बघत नाही.
मीही बघत नाही.

काल तिसरीला वजाबाकी होती.
बावन्न वजा सतरा.
दोनातून सात जात नाहीत,
मग शेजारी जायचं,
दशकाच्या घरून एक उसना आणायचा.
काड्यांचा जुडगा सोडून दाखवला,
या बघा, दहा सुट्या.
लक्षिता झोरे,
जी सकाळी दूध घालून शाळेत येते,
बोट वर न करता म्हणाली,
बाई, तो परत केन्ना दिवपाचो?

मी म्हटलं, परत नसतो द्यायचा, हे गणित आहे.
ती गप्प बसली. पटलं नव्हतं.
घरची दुधाची वही तीच लिहिते.

नणंदेकडून बारा हजार आणले होते.
चवथीआधी देते, असं मीच म्हटलं होतं.
चवथ झाली, तुळशीचं लग्न झालं.
नणंद फोनवर सगळं विचारते,
पाऊस, मुलींचा अभ्यास, माझी कंबर,
तेवढं एक सोडून.

शाळा सुटताना काड्या आवरायच्या होत्या.
मुलं पळाली. लक्षिता मागे राहिली.
जमिनीवरच्या सगळ्या सुट्या काड्यांतून
ओठ हलवत तिनं दहा मोजल्या,
स्वतःच्या वेणीचं रबर काढून बांधल्या
आणि जुडग्यांच्या रांगेत नेऊन ठेवल्या.
दिलो, म्हणाली,
आणि एक वेणी सुटलेली तशीच पळाली.

कुलूप लावलं, किल्ली चौकटीवर ठेवली.
काजूच्या बागेतून चालताना मांडून पाहिलं:
रिक्षाचे साठ, जाऊन येऊन एकशेवीस.
शाळेचे दिवस महिन्याला चोवीस धरू.
रोजचे न दिलेले एकशेवीस
बिस्किटाच्या डब्यात टाकत गेले
तर बारा हजाराला चार महिने
आणि वर चार दिवस.

चपलेचा अंगठा तेवढा टिकला पाहिजे.