पातळी

अंड्यांचे ट्रे अजून आहेत भिंतीला,
पहिल्या बॅचने गाडेवाल्या रुझारकडून मागून आणलेले.
दोन सुटले. तिथे मी कॅलेंडर लावलंय.
आवाज त्या जागी आदळून परत येतो,
तारखांसकट.

अँटेना कॉलेजच्या गच्चीवर, टाकीला टेकून.
साखळी बाजारात आम्ही स्वच्छ,
हरवळ्यात स्वच्छ, कुडण्यात थोडी खरखर,
आमोण्याच्या पुलावर संपतो.

सरांच्या वेळी
वर्गात तोंड न उघडणारा शांबा माजिक
काजूच्या भट्टीवर अर्धा तास बोलला होता या माइकसमोर.
त्याच्या वडलांनी ट्रक थांबवून ऐकलं,
मायनिंगच्या रस्त्यावर, मधोमध,
मागच्या सगळ्या ट्रकांच्या शिव्या खात.

आणि रोज सात वाजता नदी.
बंधाऱ्यावरून नारायण गावस आकडा सांगायचा,
मी वाचायचे.
दुकानदार तेवढ्यासाठी रेडिओ लावून ठेवायचे,
पोती माळ्यावर चढवायची की नाही ते ठरवायला.

मग खाणी बंद पडल्या, देणगीदार पांगले.
ताळेबंदात कुणालातरी आम्ही सापडलो
'इतर खर्च'मध्ये, फिनेलच्या खालच्या ओळीत.
नव्या प्राचार्यबाई वाईट नाहीत.
स्वतःच्या पैशाने चहा पाजला, म्हणाल्या,
स्टेशनने आता आपलं पोट आपण भरावं.

म्हणून सकाळी ॲडमिशनची जाहिरात,
दुपारी सरकारी योजना, सेकंदाच्या भावाने,
बिल मंजूर व्हायला आठ महिने.
पोरं खालच्या लॅबमध्ये पॉडकास्ट करतात,
जगभर पोचतो म्हणे. पोचत असेल.
कुडण्यात पोचतो का, विचारायचं राहून गेलं.

या महिन्यापासून नदीलाही प्रायोजक मिळाला.
वर्षाचा करार. विजेचं बिल सुटलं.
माझा पगारही त्यातूनच, खोटं कशाला बोलू.
मजकूर टाइप करून दिलाय,
शब्द बदलायचा नाही.

आज सात वाजता
लाल दिवा लागला, मी घसा साफ केला.
वाळवंटी, तीन मीटर ऐंशी, आणि चढते आहे.
ही पातळी आपल्यापर्यंत आणली आहे
तीरवैभव व्हिलाजने.
नदीपासून फक्त चाळीस पावलांवर.

एका सुरात वाचलं. शब्द बदलला नाही.

फोन वाजला. इनास टेलर.
"बाय, परत एकदा वाच," म्हणाला,
"सगळं."