निरगाठ

करंज्यातली पत्र्याची शेड.
कंपाउंड आडवं, पकडीत.
दोरीला गुण्या लावते;
काटकोनाच्या वर दोन मिलिमीटर, तिथं खूण.
मेणाचा दोरा. वर सहा वेढे, खाली सहा,
मधे नॉकपुरती फट:
बाण टिचकीनं सुटावा, आपसूक पडू नये.

मग लूप. टोकं लायटरनं वितळवून
ज्वारीएवढे गोळे.

दारात आबा. जन्मभर दावी वळलेला माणूस.
धनुष्याला हात लावायला बिचकतात,
पण दोरी म्हटल्यावर
अंगठा घालून लूप ओढतातच.
"दोन्ही गाठी एकाच अंगाला आल्यात.
फिरंल ही."

उद्या सांगलीला निवड चाचणी.
मी ब्लेड शोधते.
आबा काही न बोलता
दारातून बाजूला सरतात,
उजेड आत येईल इतके.